असाही एक जंतू

तयेच्या आदल्या रात्री मला ताप आला आणि मी तो लपवला. हरतालिकेला आमच्याकडे तय म्हणतात. 2022 साली चतुर्थी 31 ऑगस्टला होती, म्हणजे ही गोष्ट 29 च्या रात्रीची. थर्मामीटरवर 100.6 आलं. मी पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली, थर्मामीटर उशीखाली सरकवला आणि कूस बदलून झोपले.

ताप 100.4 च्या वर गेला तर कितीही वाजले असोत, फोन करून निघायचं, असं मला डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. फोन करायच्या आधी तापाची गोळी घ्यायची नाही, हेही सांगितलं होतं, कारण गोळीने ताप उतरतो आणि आत चाललेलं झाकलं जातं. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी गोळी घेतली. ओसरीवर गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान येऊन पडलं होतं, सासूबाई करंज्यांचं सारण भाजत होत्या, आणि एप्रिलपासून या घरात माझ्या आजाराशिवाय दुसरं काही घडलेलं नव्हतं. एक सण तरी सगळ्यांना सरळ मिळावा, एवढंच मनात होतं.

मी फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याकडच्या भागात राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षी परीक्षांचे पेपर तपासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर कुठे न आपटता काळेनिळे डाग उठले. शाळेच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मे महिन्यात रक्त तपासलं, मग कंबरेच्या हाडातला मगज काढला आणि अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया असं निदान झालं. आठ आणि एकवीस नंबरच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेला माझा प्रकार या आजारात त्यातल्या त्यात औषधाला दाद देणारा, हे ऐकून आम्ही दोघं त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो. पहिली केमोथेरपी ‘सात अधिक तीन’ची: सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस लालभडक डॉनोरुबिसिन. महिन्याने मगज साफ आला. त्यानंतर आजार परतू नये म्हणून मोठ्या डोसच्या फेऱ्या. त्यातली दुसरी 16 ऑगस्टला सुरू होऊन 20 ला संपली आणि 22 ला मला घरी सोडलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझ्या नातेवाइकांनाही ती कळत नव्हती. केमो चालू असताना माणूस जितका धोक्यात असतो, त्याहून जास्त धोक्यात तो ती संपल्यावर आठ-दहा दिवसांनी असतो. तेव्हा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तळाला जातात. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, 500 च्या खाली गेल्या की धोका सुरू होतो. माझ्या शून्य होत्या. शिवाय सायटाराबिनने तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटून निघतं. उजव्या दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली पिक लाइन, म्हणजे बाहेरून आत जाणारी उघडी वाटच. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं: कुंपणाची वई मोडलेली, राखणा गेलेला, आणि दारही उघडं. अशा वेळी जे जंतू एरवी आपल्या कातडीवर, आतड्यात, मातीत, पाण्यात गुपचूप राहतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत, ते रक्तात उतरतात. डॉक्टर त्यांना संधिसाधू म्हणतात.

30 तारखेला सकाळी सासूबाईंनी चहा देताना माझ्या हाताला हात लागला तसा ओढला. “अंग तापलंय गो तुझं.” थर्मामीटरने 101.8 दाखवलं. मग कोणी काही बोललं नाही. यांनी गाडी काढली.

बाणस्तारीला आम्ही पाऊण तास अडकलो. माटोळीचा बाजार भरला होता. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं नि वेली बांधतात, तीच माटोळी. रस्त्याच्या दोन्ही कडांना सुपारीची शिंपटं, नारळांच्या पेंडी, आंबाडे, तोरिंगं, चिबूड, केशरी कवंडळं, घागऱ्यांच्या जुड्या. दरवर्षी मी इथे घासाघीस करायला उतरते. त्या दिवशी काच वर, तोंडावर मास्क, आणि दात एकमेकांवर आपटतील एवढी थंडी. हे सारखे आरशातून माझ्याकडे बघत होते. “काल रात्रीच होता ना?” एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं काम रक्ताचं. कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, हा शब्द मी तोवर शंभर वेळा ऐकला होता, पण ते कसं काढतात हे त्या आजारपणात मी इतक्यांदा पाहिलं, की डोळे मिटले तरी दिसतं. सिस्टर कोपराच्या आतली जागा स्पिरिटने नि मग क्लोरहेक्सिडीनने घासते, अर्धा मिनिट तरी. मग हात वर करून थांबते. ते आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीतही जंतू असतात आणि ते बाटलीत गेले तर खोटं उत्तर येतं. बाटल्यांची रबरी बुचंही तशीच पुसायची. दोन बाटल्या हाताच्या शिरेतून, दोन पिक लाइनमधून, प्रत्येकीत साधारण 10 मिलिलिटर. वर लेबल, लेबलवर वेळ, मिनिटासकट. मग त्या एका यंत्रात जातात. जंतू वाढायला लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते यंत्र ओळखतं आणि इशारा देतं. लाइनमधली बाटली हातातल्या बाटलीच्या दोन तास किंवा त्याहून आधी वाजली, तर जंतूचा अड्डा लाइनमध्ये आहे असं समजायचं. लेबलवरच्या त्या मिनिटांचा अर्थ मला नंतर कळला.

रक्त काढून झाल्यावर लगेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचं सलाइन लागलं. अशा तापात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जावं असा त्यांचा प्रयत्न असतो. मी स्वतः त्यांचे दहा तास घालवून आले होते. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फाइलमध्ये लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी मला झोपेतून उठवा.”

चतुर्थी मी खिडकीतून ऐकली. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशीही ताप. 1 सप्टेंबरला औषध बदलून मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन आलं. 3 तारखेला कॅस्पोफंजिन जोडलं, ते बुरशीसाठी. काउंट नसलेल्या माणसाचा ताप चार-पाच दिवस अँटिबायोटिकला ऐकत नसेल तर बुरशी गृहीत धरून औषध सुरू करतात, पुराव्याची वाट पाहत बसत नाहीत. 4 तारखेला पहिल्या बाटल्यांचे पाच दिवस भरले. काहीच वाढलं नव्हतं. आणि त्याच दुपारी ताप 103 वर गेला.

सिस्टर परत बाटल्या घेऊन आली तेव्हा मी हात मागे घेतला. मला ते आजही आठवतं आणि वाईट वाटतं. प्लेटलेट 11,000 होत्या, हातावर सुई लागेल तिथे जांभळा डाग उठत होता, तोंडातल्या फोडांमुळे पेजेचा घोट उतरत नव्हता. मी म्हटलं, “एकदा काढलंत ना? त्यात काही नाही आलं ना? मग परत कशाला?” माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगी ती. तिने माझा हात ओढला नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “टीचर, ताप आहे म्हणजे कोणीतरी आहे. त्याचं नाव कळल्याशिवाय आम्ही कोणाला मारायचं?” मी हात पुढे केला.

त्याच रात्री अंग पुसताना तिला माझ्या नडगीवर तीन ठिपके दिसले. लालसर-जांभळे, मटकीएवढे, मधला भाग काळपट. मला ते दोन दिवसांपासून माहीत होते. डास चावले असतील म्हणून मी बोलले नव्हते. तिने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. सकाळी त्यातल्या एकाचा तुकडा तपासायला गेला.

6 तारखेला दुपारी बाटल्या वाजल्या. आधी लाइनमधली, मग साधारण साडेतीन तासांनी हातातली. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, दिसलं. यीस्ट म्हटलं की आधी कॅन्डिडा आठवतो, कारण रक्तात सापडणारं यीस्ट बहुतेक वेळा तेच असतं, आणि कॅन्डिडाच्या बहुतेक जातींवर कॅस्पोफंजिन हे हुकमी औषध. पण मला ते तीन दिवस चालूच होतं. त्या औषधाच्या डोळ्यांदेखत हे वाढलं होतं. शिवाय प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंना गोल पेशींबरोबर लांब धागे आणि ते तुटून झालेले चौकोनी तुकडे दिसले. त्यांनी अहवालाची वाट न पाहता वॉर्डात फोन केला: हा कॅन्डिडा वाटत नाही, औषधाचा विचार करा. त्या बाईंना मी कधी भेटले नाही. त्यांचा चेहरा मला माहीत नाही. संध्याकाळी सातला मला वोरिकोनाझोल, बुरशीवरचंच दुसरं औषध, लागलं ते त्या फोनमुळे.

दुसऱ्या दिवशी नाव आलं. प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं एक यंत्र असतं, त्यावर ते निघालं: ट्रायकोस्पोरॉन असाही.

मातीत, पाण्यात, कुजक्या लाकडात, माणसाच्या कातडीवर राहणारं हे यीस्ट. निरोगी माणसाला ते फार तर केसांवर मऊ पांढऱ्या गाठी आणतं. नावातला ‘ट्रायको’ हा केसच आहे. माझ्या डोक्यावर तेव्हा एकही केस नव्हता. कॅस्पोफंजिन ज्या घटकावर घाव घालतं, त्या घावाला हे यीस्ट मुळातच बधत नाही. वोरिकोनाझोल त्याच्यावर चालतं. डॉक्टरांनी यांना बाहेर नेऊन सांगितलं की हा क्वचित दिसणारा जंतू आहे आणि काउंट नसलेल्या रुग्णाच्या रक्तात तो सापडला की निम्मे किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावल्याच्या अनेक नोंदी आहेत. हे मला यांनी दोन महिन्यांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त नाव सांगितलं. रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला, चौथीत होता तो. बाबांनी सांगितलेलं नाव त्याने मला म्हणून दाखवलं आणि विचारलं, “आई, असाही जंतू असतो?” पाच दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. ओठ फाटून रक्त आलं तरी आलं.

लाइन काढायची ठरली. अड्डा तिथे होता आणि असे यीस्ट नळीच्या आत चिकट थर करून बसतात, औषध तिथवर नीट पोचत नाही. पण प्लेटलेट 9,000. आधी प्लेटलेट चढवणं भाग होतं आणि चतुर्थीच्या दिवसांत दाता मिळणं अवघड, जो तो गावी, आरत्यांत. यांनी सगळीकडे निरोप पाठवले. म्हापशाकडचा एक मुलगा आला, ओळखीच्या ओळखीतला. घरचा गणपती सकाळी पोचवून तो तसाच ब्लड बँकेत येऊन दोन तास यंत्राला हात जोडून बसला. त्याच्या कपाळावर गुलाल होता, असं हे सांगतात.

लाइन काढताना दुखत नाही. चाळीस-एक सेंटिमीटरची ती बारीक नळी इंचाइंचाने बाहेर येताना आत काहीतरी सरकतंय एवढं जाणवतं. मग पंधरा मिनिटं दाबून धरतात. तीन महिने तिला पाणी लागू नये म्हणून मी आंघोळीला दंडावर प्लॅस्टिक गुंडाळत होते, रोज रात्री तिची पट्टी तपासत होते. तीच बाहेर पडताना पाहिली.

वोरिकोनाझोलबद्दल थोडं लिहिते, कारण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी फार घाबरले. दुसरा डोस सुरू झाल्यावर काही वेळाने समोरची पांढरी भिंत पिवळसर होऊन हलायला लागली. ट्यूबलाइटभोवती निळी कड. सलाइनच्या स्टँडला झगझगीत झालर. पडद्यावरची फिकी फुलं केशरी होऊन भिंतीपासून सुटी झाली आणि मला वाटलं, कोणीतरी इथे कवंडळं टांगली आहेत. डोळे मिटले तरी रंग जाईनात. मला वाटलं, बुरशी डोळ्यांत गेली, आता मी आंधळी होणार. घंटी दाबली. डॉक्टर आल्या, पलंगावर बसल्या, म्हणाल्या की या औषधाने बऱ्याच जणांना असं दिसतं, डोस गेल्यावर थोड्या वेळाने आपोआप ओसरतं, नजर जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही बाहुल्या मोठ्या करून आतला पडदा तपासला, तो स्वच्छ होता. हृदयाची सोनोग्राफी झाली, झडपांवर काही नव्हतं. नंतर नंतर ते रंग फिके होत गेले. हे औषध घेणाऱ्या कोणाला असं दिसलं तर घाबरून औषध बंद करू नका, सिस्टरला सांगा. आणि उन्हाला जपा. पुढे गोळ्यांवर असताना मी एकदा अंगणात अर्धा तास बसले, तर गाल भाजल्यासारखे झाले.

9 तारखेला अनंत चतुर्दशी होती. त्या सकाळी काढलेल्या बाटल्यांत पाच दिवस काहीच वाढलं नाही. ही पहिली स्वच्छ बाटली, आणि औषधाचे दिवस तिथून मोजायचे, किमान चौदा. त्याच दिवशी न्यूट्रोफिल 80 झाले. दुसऱ्या दिवशी 240. मग 700. डॉक्टर काउंटचा कागद हातात नाचवत आल्या. औषधाने जंतूला रोखलं, पण निपटायला स्वतःच्या पेशी लागतात, असं त्या म्हणाल्या. 11 ला ताप गेला तो परत आला नाही. नडगीच्या तुकड्यातही तेच यीस्ट निघालं होतं. तिथे आता तीन पांढरट खुणा आहेत.

मी घरी आले तेव्हा कळलं की सासूबाईंनी तयेच्याच दिवशी, आमची गाडी गेल्या-गेल्या, माटोळीचं सगळं सामान उचलून परसात नेऊन टाकलं होतं. चौकटीला फक्त पाच नारळ बांधून पूजा केली. त्यांच्या मनाने घेतलं होतं की रानातल्या त्या सामानातून, मातीतून, हे माझ्या रक्तात गेलं. त्या कोणाला बोलल्या नाहीत. माझ्याजवळही यायच्या नाहीत, दारातूनच पेज आत सरकवायच्या. मला वाटलं, माझ्या आजाराला कंटाळल्या.

पुढच्या तपासणीला त्या हट्टाने बरोबर आल्या आणि डॉक्टरांना त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. डॉक्टरांनी त्यांना बसवलं. म्हणाल्या, “आई, हा जंतू कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही. तिच्या कातडीवर किंवा आतड्यातच असेल, महिन्यांपूर्वीपासून. एका दिवसाच्या माटोळीने असा ताप येत नाही. काउंट कमी असताना माती, फुलं, कुजकं लाकूड घरात नको हे बरोबर, ते आम्हीच सांगतो. पण हे तुमच्यामुळे नाही झालं.” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. त्या दिवशी कोणीतरी त्यांना हे सांगण्याची किती गरज होती, आणि ते घरात मला आधी कळायला हवं होतं.

शेवटची फेरी वोरिकोनाझोलच्या आडोशाने पार पडली. जंतू दबा धरून बसला असला तर काउंट पडताच परत उठू नये म्हणून औषध चालू ठेवलं होतं. त्या वेळीही ताप आला, पहाटे तीनला, 100.5. मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं. साधा जंतू निघाला, चार दिवसांत गेला.

2023 च्या चतुर्थीला माझे काउंट नॉर्मल होते. ऑगस्टच्या तपासणीत सासूबाईंनीच विचारलं, “यंदा माटोळी बांधू का?” आणि डॉक्टर म्हणाल्या, बांधा, तिलाच चढू दे स्टुलावर. बाणस्तारीला आम्ही दोघी गेलो. त्यांनी घासाघीस केली, मी पिशव्या धरल्या.

तयेच्या दुपारी मी स्टुलावर उभी होते. खालून त्या एकेक वस्तू देत होत्या, मुलगा मोठ्याने नावं घेत होता. शिंपट, तोरिंग, आंबाडे, घागऱ्या. कवंडळ हातात आलं तेव्हा ते गार लागलं आणि नाकात ओळखीचा वास गेला. मी खाली पाहिलं. सासूबाईंच्या पायाशी स्पिरिटची बाटली आणि कापसाचा गठ्ठा होता. पुढचं कवंडळ त्या पुसत होत्या, देठापासून बुडापर्यंत, सावकाश. पुसून झाल्यावर त्यांनी ते तळहातावर तसंच धरून ठेवलं, वाळेपर्यंत. मुलगा फुंकर मारायला वाकला तसा त्यांनी त्याला दुसऱ्या हाताने मागे सारलं.